सहा-सहा चिंचोके

इंदुताईंनी शाळेच्या जमिनीवर चिंचोक्यांच्या दोन रांगा मांडल्या, सहा-सहाच्या. समोर सोमारी बसली होती. वय सात, दोन वर्षं पहिलीतच. उंबऱ्याशी तिचा बाप लालसू उभा होता.

"नाई जमत असन तर सांगून टाका बाई," तो म्हणाला. "बकऱ्या चारन ते."

आलापल्लीपलीकडच्या या शाळेत इंदुताई आधीच्या गुरुजींच्या जागी महिन्यापूर्वीच बदलून आल्या होत्या. सोमारी दुसरीत जाणार की बकऱ्यांमागे, ते आज त्यांनी ठरवायचं होतं. मुलांची समज कशी वाढते हे सांगणाऱ्या पियाजेचा हा प्रयोग त्यांना ट्रेनिंगपासून तोंडपाठ होता.

"कोणत्या रांगेत जास्त आहेत, सोमारी?"

"सारकेच."

ताईंनी एक रांग पसरवून लांब केली. "आता कोणत्या रांगेत जास्त?"

सोमारीनं चिंचोक्यांकडे पाहिलंच नाही. ती ताईंच्या तोंडाकडे बघत राहिली आणि हळूच लांब रांगेवर बोट ठेवलं.

अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं! ताईंना क्षणभर आपणच पास झाल्यासारखं वाटलं, मग पोरीचं वाईट वाटलं. 'समज अजून आलेली नाही,' त्यांनी वहीत लिहिलं आणि 'संध्याकाळी घरी येऊन सांगते,' म्हणून लालसूला पाठवलं.

संध्याकाळी हे सांगायला त्या लालसूच्या अंगणात गेल्या. तेंदूपत्त्याचे दिवस. सोमारी आईजवळ बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधत होती. आईचा पुडा सैल, चांगला फुगलेला. सोमारीचा आवळून बांधलेला.

"माह्या पुड्यात जास्त पानं," आईनं चिडवलं.

"हट! दोनीत सत्तरच," सोमारी मान वर न करता म्हणाली.

ताई तिच्याजवळ खाली बसल्या. "मंग दुपारी लांब रांग काऊन दाखवली वं?"

सोमारीनं दोरी दातात धरून गाठ मारली.

"तुमी दोनदा इचारलं ना बाई. गुर्जी दोनदा इचारते तवा पयलं चुकलं रायते. मंग छडी बसते."

ताईंना ट्रेनिंगमधलं आठवलं. मुलानं उत्तर दिलं की 'का' म्हणून विचारा, असं पियाजेनंच सांगितलं होतं. दुपारी त्या नेमकं तेवढंच विसरल्या होत्या.

लालसू घरातून बाहेर आला. "काय ठरलं बाई?"

ताईंनी सोमारीलाच विचारलं, "दुसरीत बसशीन?"

"बसन."

ताईंनी पुन्हा विचारलं नाही.