टिपाडातला वास

त्या उन्हाळ्यात लातुरात आठवड्याला एक टँकर यायचा अन् आंघोळीविना डोक्याला खाज सुटायची. शिवकांता खोबरेलात टी ट्री ऑइलचे थेंब मिसळून लावायची. खाज थांबली, पण सासूबाईंनी नाक मुरडलं. "कापरावाणी वास मारायलाय. लांब बस!"

तशात अंगणातल्या टिपाडातलं आंघोळीचं पाणी रोज पहाटे कमी व्हायला लागलं. सासूबाईंना चोर लगेच सापडला. "हीच लपूनछपून उधळती. सोमवारी हिला भोकरच्या गाडीत बसवते. ऱ्हाऊ दे माहेरी पाऊस पडंपर्यंत!"

शेजारी वेगळी राहणारी थोरली जाऊ गुरम्मा, माहेर औशाचं, पदराआड हसली.

रविवारी सांजेला शिवकांतानं टी ट्री तेलाची उरलेली बाटली टिपाडात उपडी केली, पाणी ढवळलं अन् आपली पिशवी भरून ठेवली.

सोमवारी गुरम्मा तिला निरोप द्यायला ओल्या केसांनी आली. घरभर कापरासारखा वास पसरला. सासूबाईंचा हात नाकाकडं गेला अन् तिथंच राहिला.

शिवकांतानं हातातली पिशवी खाली ठेवली अन् सासूबाईंना विचारलं,


"आत्या, औशाची गाडी कितीला हाय हो?"