उतारावरची किटकिट

गेल्या पावसाळ्यात, सायकलवर पुढे गेलेल्या अनुजाला गाठण्याच्या नादात, तिचा भाऊ हितेंद्र करी रोडच्या पुलावर अपघातात गेला. त्याची जुनी माउंटन बाइक तिने आता पुन्हा उभी केली. सांगाडा त्याचाच, गंज खरवडून लख्ख केलेला. ब्रेक, चेन आणि मागचं चाक नवं.

"अगो, चालवू नको ती," आई म्हणाली. "तुका गाठूकच गेलो तो."

"त्याचं ते किटकिटणारं चाक भंगारात दिलं, आई. आता हूं नाही की चूं नाही."

रविवारी सकाळी पूल मोकळा होता. उतारावर तिने पाय थांबवले. नवं चाक पाण्यावरच्या पानासारखं मुकाट वाहत निघालं.

मागून किटकिट आली. मागच्या चाकातल्या जुन्या फ्रीव्हीलची, ओळखीची.

तिने वळून पाहिलं. पुलावर कुणीच नव्हतं. किटकिट मात्र तिच्यामागून उतार उतरत होती.

"दादा, नको ना रे," ती पुटपुटली.

किटकिट थांबली.

तिने श्वास सोडला, आणि मग तिच्या लक्षात आलं. फ्रीव्हील वाजतं, ते पाय थांबलेले असतात तेव्हा. गप्प होतं, ते कुणी जोरात पेडल मारू लागलं की.