बांधलेलं स्टिअरिंग

जर्मनीतल्या आखन शहराकडे जाणारा रस्ता मोकळा होता. निहार छोटा पिकअप चालवत होता, शेजारी सात महिन्यांची गरोदर वैभवी बसली होती. मागे ट्रेलरवर चिखलात पळवायची बगी होती. तिची चाकं, स्टिअरिंग, सगळं त्याने स्वतः आवळून बांधलं होतं.

आरशात बगीचं स्टिअरिंग डावीकडे फिरलं.

मग समोर डावं वळण आलं.

"पट्टे पुन्हा तपासू का गं?"

"तिसऱ्यांदा? पुरता जर्मन झालायस!" वैभवी हसली.

आरशात स्टिअरिंग उजवीकडे फिरलं.

मग समोर उजवं वळण आलं.

पुढे नदीवरचा पूल लागला. तो पार टोकापर्यंत सरळ होता.

आरशात स्टिअरिंग कठड्याच्या दिशेने पूर्ण फिरलं.

निहारने आपलं स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं.

"अरे," वैभवीने पोट घट्ट धरलं, "वळतोयस कुठे?"