बारोलोचा घोट

तो घरात शिरला तेव्हा बायको स्वयंपाकघरात दोन ग्लास पुसत उभी होती. दाराशी तिच्या बॅगा भरून ठेवलेल्या होत्या. ती बहिणीकडे राहायला चालली होती. परत कधी येणार हे तिने सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

"रागावून नाही जात," ती सकाळी म्हणाली होती. "दमलेय, म्हणून जातेय."

दमला तोही होता. वाइन चाखणं हा त्याचा धंदा. दिवसभर घोट तोंडात घोळवायचा, बादलीत थुंकायचा, निकाल सांगायचा आणि पुढचा ग्लास उचलायचा. गिळायची सोय नाही. गिळली की दुपारपर्यंत माणूस कामातून गेला. लोकांना वाटतं, काय मजा आहे लेकाची! संध्याकाळी दात काळे पडलेले असतात आणि साधं पाणीही तुरट लागतं.

टेबलावर बारोलो होती. लग्नाच्या वर्षी घेतलेली, इटालियन रेड वाइनची बाटली. हिला घाई चालत नाही, वर्षानुवर्षं मुरू द्यावी लागते, असं तेव्हा त्यानेच बजावलं होतं. मग लग्नाच्या दर वाढदिवसाला ती कपाटातून निघायची आणि 'अजून नाही' म्हणून परत आत जायची. आज बायकोने त्याला न विचारताच उघडली होती. आधी बाटली उभी ठेवून गाळ खाली बसवला, दुपारीच बूच काढलं, हलक्या हाताने सुरईत ओतली. इतकी वर्षं त्याचं ऐकून ऐकून शिकली होती बिचारी.

"मी जायच्या आधी एक ग्लास माझ्याबरोबर घे," ती म्हणाली. "बाकी काही नको."

त्याने ग्लास दिव्यासमोर धरला. कडेला विटकरी छटा आली होती. गोल फिरवून त्याने नाक आत घातलं. "वाळलेले गुलाब. मागे थोडं डांबर. थांब, आणखी काहीतरी आहे." नमनाला घडाभर तेल, ते घरीही चुकलं नाही.

"पी आता."

त्याने घोट घेतला, जिभेवर खेळवला, गालांत फिरवला. मग वळला आणि सिंकमध्ये थुंकला.

"कडकपणा पुरता गेला नाही अजून," तो म्हणाला. "आणखी पाच वर्षं ठेवली असती तर..."

वाक्य तोंडातच राहिलं. सिंकमध्ये लाल ओघळ हळूहळू जाळीकडे सरकत होता. तिने आपला ग्लास उभ्याउभ्याच संपवला आणि दाराशी जाऊन बॅग उचलली. बाहेर टॅक्सी येऊन थांबली होती.

शरमेने त्याचे कान तापले. त्याने ग्लास पुन्हा भरला आणि या वेळी घोट गिळला. ऊब घशातून खाली उतरत गेली. त्या उबेसाठी तो शब्द शोधू लागला. त्याच्याकडचे सगळे शब्द घशाच्या अलीकडचे होते.

"ऐक ना," तो म्हणाला. "तुला कशी लागली?"

ती उंबऱ्यात थांबली. त्याने सांगायचं आणि तिने मान डोलवायची, अशीच त्या घराची रीत होती. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता.

तिने बॅग खाली ठेवली आणि परत आत येऊन त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"बस," ती म्हणाली. "सांगायला वेळ लागेल."