सरांचं संशोधन

मरणारा तारा आधी वायूचा दाट वारा सोडतो आणि त्यातून येताना त्याच्या स्फोटाचा प्रकाश बदलतो. हे गणित मांडलं होतं सुरगाण्याच्या मीनाने, पण नाशिकच्या परिषदेत तिच्या गाईडने, बोरस्ते सरांनी, ते बेधडक स्वतःचं म्हणून सांगितलं.

“मग काही स्फोट इतक्या लवकर का विझतात?” कुणीतरी विचारलं.

सर हातातले कागद चाळू लागले. तेवढ्यात मागच्या रांगेतून मीना उठली.

“तिथे दाट वारा फार दूरवर पसरलेला नसतो. त्यामुळे प्रकाश फार वेळ अडकून राहत नाही.”

टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी कौतुकाने विचारलं, “हे तुला कुठून कळलं गं?”

आता ही सगळं सांगणार, असं सरांना वाटलं.



“सरांनीच शिकवलं,” मीना म्हणाली, आणि सरांना मान वर करवेना.