पहिल्या गिअरात

चढ लागला तसा कडुबाचा हात सवयीनं गिअरकडं गेला. शेजारी बसलेल्या विशाखानं तो वरच्यावर धरला.

"बाबा, राहू द्या तिसऱ्यातच. दम बघा तिचा."

मागं पाण्यानं गच्च भरलेली टाकी, पुढं खडकाळ चढ आणि गाडी म्हणाल तर रंग उडालेली जुनी पिकअप. पण पठ्ठी हूं की चूं न करता वर निघाली. विशाखा शहरात क्रांती चौकामागच्या एका गॅरेजात ट्यूनिंगचं काम करायची. आदल्या दिवशी तिनं डॅशबोर्डखाली वायर खोचून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, इंजिनात डिझेल कधी आणि किती सोडायचं याचं सगळं गणितच बदलून टाकलं होतं.

"आयला!" कडुबाला हसू आवरेना. "बैलाचा घोडा केलास की गं!"

खूश का होणार नाही? दुष्काळ पडला आणि चांगल्या दमाच्या पाण्याच्या गाड्या बिडकीनच्या बांधकामांवर पळाल्या. कन्नडकडच्या या माळावरच्या वस्तीला उरली ती एकटी ही म्हातारी. भरल्या टाकीनिशी तिला चढ झेपत नसे, म्हणून कडुबा पाऊण टाकीच आणायचा. मग रांगेतल्या शेवटच्या बायांच्या हंड्यात पाइप नुसताच खरखरायचा, आणि त्या मुकाट्यानं हंडे उचलून परत जायच्या. कडुबाला ते बघवत नसे. आज मात्र टाकी काठोकाठ होती.

गाडी लिंबाखाली येऊन थांबली. तिथं चिटपाखरू नव्हतं. कडुबानं हॉर्न वाजवला तेव्हा कुठं जवळच्या घरांतून "अगं बाई, आली व्हय!" करत बाया धावल्या. टाकी भरलेली बघून कुणी परत जाऊन पातेली आणली, कुणी पोरांच्या अंघोळीची बादली आणली. कडुबाही रंगात आला. "भरा, भरा! आज कमी नाय!"

बघता बघता टाकी रिकामी झाली. बाया पांगल्या. कडुबा पाइप गुंडाळत होता, तेवढ्यात ओढ्यापलीकडच्या घरातून पारूबाई आली. दोन हंडे, दुखरे गुडघे, आणि श्वास असा लागलेला की तिला आधी बोलवेचना.

"जय भीम, मावशी. कुठं व्हता तुमी?" कडुबा वरमला.

"जय भीम. कुठं असणार? घरीच." तिनं रिकाम्या टाकीवर बोटानं टकटक केलं. "माझे कान चढाकडंच व्हते की. तुझी गाडी खाली बोंबलाया लागली की म्या हंडा उचलती. ती वर येस्तोवर म्या बी येती. आज बोंबललीच नाय, तर म्या निघू कशी?"

"हॉर्न दिला ना, मावशी."

"हॉर्न आमच्यापतूर येतंय व्हय? आन् आला तरी, हॉर्न वाजल्यावर निघाले तर हेच व्हायचं."

कडुबानं केबिनमधला पिण्याच्या पाण्याचा कॅन काढला आणि तिच्या हंड्यात उपडा केला. हंड्याचा तळ कसाबसा झाकला. दुसरा रिकामा हंडा काखेत मारून पारूबाई आल्या वाटेनं गेली.

बापलेक उताराला लागले. विहिरीवर दिवसातून एकच खेप भरायला मिळायची, त्यामुळं पुन्हा येण्याची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी विशाखा गॅरेजला दांडी मारून परत शेजारी येऊन बसली. चढाच्या पायथ्याशी म्हणाली, "बाबा, पहिल्या गिअरात घ्या."

"पहिल्या? तिसऱ्यात जातीय की मस्त."

"जातीय हो. पण ओढ्यापलीकडं ऐकू गेलं पाहिजे."

कडुबानं लेकीकडं एकवार बघितलं आणि गिअर टाकला. गाडीनं असा गळा काढला की बाभळीवरचे कावळे उडाले. आपण एवढ्या मायेनं सुधारलेलं इंजिन असं उगाच किंचाळताना ऐकून विशाखाच्या अंगावर काटा आला. तरी खिडकीतून डोकं बाहेर काढून ती वर बघत राहिली.

"अजून दाबा."

"एवढं शिकलीस, आन् गाडी रडवायला सांगतीस व्हय?"

"रडू द्या. तिच्या काही पोटात दुखत नाहीये."

गोगलगायही पुढं गेली असती, इतक्या सावकाश ते वर पोचले. लिंबाखाली रांग लागलेली होती, आणि रांगेत अगदी मधोमध पारूबाई उभी होती. कडुबाचा जीव भांड्यात पडला. आज त्यानं आधी सगळ्यांचे हंडे भरले, पातेल्या-बादल्यांना मागं थांबवलं. पारूबाईचे दोन्ही हंडे तोंडोतोंड भरले.

पण ती हंडे उचलेना. तिनं भरल्या हंड्यात तांब्या बुडवला आणि तो सांभाळत गाडीच्या पुढं आली. बॉनेटवरनं हात फिरवला, जीभ टाळ्याला लावून चुकचुकली आणि तांब्या विशाखापुढं धरला.

"आधी हिला पाज, पोरी. आमच्यापायी केवढी दमली बिचारी."

रेडिएटर गच्च भरलेला होता. विशाखानं दोन्ही हातांनी तांब्या घेतला.