फुटलेलं पाणी

"मी न्हाई जानार आत," सिंधुबाई म्हणाल्या आणि त्यांनी बाकड्याची कड दोन्ही हातांनी धरली.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात त्यांच्या गर्भपिशवीच्या कॅन्सरवर आज पहिल्यांदा किरणं द्यायची होती. यंत्राच्या खोलीत एकटीनंच झोपायचं, हे नांदूरघाटहून निघताना त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पंचशीलानंसुद्धा नाही. ती त्यांची लेक, आणि मुंबईच्या प्रयोगशाळेत किरणांवरच संशोधन करणारी.

"तू संगं ऱ्हा."

"तिथं कुणालाच थांबता येत न्हाई, माय. आमच्याकडंबी न्हाई."

"मंग तुमच्या मशिनीखाली कोन झोपतंय?"

"पाणी. बाटलीतलं. त्यात व्हिनाइल नावाच्या रसायनाचे सुटे कण विरघळवलेले असतात."

"अन् त्या पान्याचं काय होतंय?"

"किरणं लागली की पाणी फुटतं. त्या तुकड्यांना एकटं ऱ्हावत न्हाई. डोळ्याचं पातं लवायच्या लई आधी ते व्हिनाइलच्या कणांना जाऊन चिकटतात. किती झटकन चिकटतात, तेवढंच मी मोजते."

"येवढ्यासाठी इतकी शिकलीस व्हय?"

दाराशी उभा असलेला तंत्रज्ञ शहादेव हसला. सिंधुबाई हसल्या नाहीत.

"म्हंजी फुटलं तरी कुनाला तरी धरतंय."

"धरतंय, माय."

सिंधुबाई उठल्या. चपला बाकड्याखाली नीट जोडून ठेवल्या आणि आत गेल्या.

पंचशीलानं त्यांना टेबलावर झोपवलं, पायांवर चादर ओढली. सिंधुबाईंनी तिचं मनगट पकडलं. "ताई, चला आता," शहादेव म्हणाला. मनगट सुटायला वेळ लागला.

दोघं बाहेर आले. जाड दार सरकू लागलं. प्रयोगशाळेत अशा वेळी, शेवटी बाहेर पडणाऱ्यानं आत एक हाक द्यायची असते. आतून उत्तर आलं नाही, म्हणजे आत कुणी राहिलेलं नाही, तरच दार लावायचं. पंचशीला रोज ती हाक देते. आजही तिच्या तोंडून निघून गेली.

"आत कुणी आहे का?"

शहादेवचा हात दाराच्या बटणावर थांबला.

"मी हाय की, पंचू," आतून आवाज आला. "लाव तू दार."